कार्बनचा हिशेब दारात येण्याआधी: गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

राज्यातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

30 सप्टेंबरच्या आत तुम्हाला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची विषयपत्रिका सगळ्यांनाच पाठ असते: मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेबपत्रकं, लेखापरीक्षकाची नेमणूक, थकबाकी, पार्किंग, गळती आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. यंदा तिच्यात आणखी एका विषयाची भर घाला, एवढीच माझी मागणी आहे. तो ऐनवेळच्या विषयांत न ढकलता नोटिशीत छापून यावा. विषय असा: आपल्या इमारतीला आणि घराघराला ऊर्जा किती लागते याची नोंद, आणि ती कमी करण्यासाठी करायची कामं.

मी विद्युत अभियंता आहे. ऊर्जा-लेखापरीक्षणाच्या कामानिमित्त पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, डोंबिवली इथल्या बऱ्याच सोसायट्यांची पंपघरं, मीटर-रूम आणि गच्च्या मी पाहिल्या आहेत. मी स्वतःही एका सोसायटीची सभासद आहे. कमिटीचं काम बिनपगारी असतं आणि तक्रारी रोजच्या असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही तुम्हालाच लिहिते आहे, कारण घराच्या कार्बनचा, म्हणजे घरात वापरलेल्या वीज-इंधनामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, हिशेब जेव्हा केव्हा सुरू होईल, तेव्हा त्यातला मोठा भाग एकट्या कुटुंबाच्या हातात नसेल. तो तुमच्या हातात असेल.

माणशी कार्बनचा हिशेब ठेवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी 1996 मध्ये अशी योजना मांडली की प्रत्येक नागरिकाला इंधन आणि विजेचा ठरावीक वाटा द्यावा, आणि ज्याचा उरेल त्याला तो विकता यावा. 2008 मध्ये तिथल्या सरकारने तिची प्राथमिक पाहणी केली आणि कल्पना काळाच्या पुढची आहे म्हणून बाजूला ठेवली. फिनलंडमधल्या लाहती शहराने काही वर्षांपूर्वी मोबाइल ॲपवर नागरिकांच्या प्रवासाचा कार्बन मोजून पाहिला. ज्याचा आठवड्याचा वाटा शिल्लक राही, त्याला शहरातल्या सेवांवर सवलत मिळे. चीनमध्ये 2016 पासून अँट फॉरेस्ट नावाची सोय कोट्यवधी लोक वापरत आहेत. पायी चालणं, बिलं ऑनलाइन भरणं यांची नोंद गुणांत होते आणि गुणांच्या बदल्यात झाडं लावली जातात.

आपल्याकडे घरांना असा कोटा नाही. पण पायाभरणी चालू आहे, ती डोळ्यांआड करू नये. ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या (उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) व्यवहाराला कायद्याचा आधार दिला, आणि मोठ्या निवासी इमारतींनाही ऊर्जा संहितेच्या, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराच्या नियमांच्या, कक्षेत आणण्याची तरतूद केली. 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यवहार योजना अधिसूचित झाली. तिची सुरुवात उद्योगांपासून आहे. केंद्राचं 'मिशन लाइफ' व्यक्तीच्या सवयींबद्दल बोलतं. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान 2020 पासून गावं आणि शहरांना गुण देतं. शिवाय तुमच्या मीटर-रूममध्ये वेळेनुसार वापर नोंदवणारी नवी मीटर बसली असतील किंवा बसत असतील.

घरटी कोटा इथे लवकर येईल असं मला वाटत नाही, आणि सध्याच्या विषमतेत तो यावा असंही वाटत नाही. नोंद मात्र येईल. कदाचित वीजबिलाच्या कोपऱ्यात एक ओळ म्हणून, कदाचित घरकर्जाच्या अर्जातला एक रकाना म्हणून, कदाचित मालमत्ता करातल्या सवलतीची अट म्हणून. त्या दिवशी आपल्या घराचा आकडा पाहून सभासद तुम्हालाच विचारतील, की हा कमी कसा करायचा? उत्तराची तयारी करायला वर्षं लागतात, म्हणून ती आता सुरू व्हावी.

आकडा कसा तयार होतो, ते एकदा नीट पाहू. देशाच्या ग्रिडमधून घेतलेल्या प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा गुणक दरवर्षी प्रसिद्ध करतं. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी इथल्या वीजकेंद्रांत जळणारा कोळसा त्यामागे आहे, आणि त्या राखेत राहणाऱ्या माणसांची फुप्फुसंही. स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर जळला की साधारण 42 किलो. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरला दोन किलोच्या आसपास.

आता महिन्याला 200 युनिट वापरणारं चौघांचं घर घ्या. वर्षाला 2,400 युनिट, म्हणजे सुमारे 1.7 टन. वर्षाचे आठ सिलिंडर धरले तर आणखी 340 किलो. दोन्ही मिळून दोन टन, माणशी अर्धा टन. प्रवास, विमान, खरेदी, अन्न यांचा कार्बन वेगळा. त्यात मी शिरत नाही. घराच्या चार भिंतींतला आकडा बिलावरून दहा मिनिटांत काढता येतो, म्हणून तिथून सुरुवात करावी. शहराच्या पातळीवरही हाच भाग सगळ्यांत मोठा आहे. मुंबईच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनातला 72 टक्के वाटा घरं, दुकानं, कार्यालयं, कारखाने यांच्या ऊर्जेचा आहे.

अर्धा टन हा जगाच्या तुलनेत छोटा आकडा आहे आणि त्याची कुणाला लाज वाटण्याचं कारण नाही. एकाच इमारतीतल्या दोन सारख्या घरांचे आकडे मात्र खूप वेगळे असतात, आणि त्या फरकाचं कारण बऱ्याचदा इमारतीत सापडतं.

सगळ्यांत आधी गच्ची पाहा. गळती थांबवायला अनेक सोसायट्यांनी गच्चीवर काळी डांबरी शीट अंथरली आहे. गळती थांबते, पण एप्रिल-मेमध्ये ती शीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरा वाजेपर्यंत खालच्या स्लॅबमध्ये सोडत राहते. वरच्या मजल्यावरचं कुटुंब त्या छताखाली झोपतं. त्यांचा एसी बाकीच्यांआधी सुरू होतो आणि उशिरा बंद होतो. ज्यांना एसी परवडत नाही ते ओल्या चादरी टांगतात. मेन्टेनन्स सगळ्यांचा सारखा, आणि गच्ची सगळ्यांची, पण तिची उष्णता एकाच मजल्याच्या बिलात उतरते. उद्या घरटी कार्बन मोजला गेला तर या कुटुंबाच्या नावावर जो जादा आकडा लागेल, तो खरं तर सोसायटीचा आहे.

उपाय आपल्या जुन्या बांधकामात होता. पांढऱ्या चायना मोझॅकची गच्ची ऊन परत फेकते, आणि नीट केली तर गळतीलाही दाद देत नाही. नवं मोझॅक परवडत नसेल तर आहे त्या वॉटरप्रूफिंगवर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप. तोही जमत नसेल तर दर मार्चला चुन्याचा हात. एका पावसाळ्यात तो धुऊन जातो, पण उन्हाळा निभावतो. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण केलं. आपल्याला धोरणाची वाट पाहायची गरज नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च तुम्ही दर काही वर्षांनी करताच. पुढच्या वेळी कंत्राटदाराकडून कोटेशन मागवताना 'वरचा थर पांढरा' एवढी अट त्यात लिहा.

गच्चीवर दुसरी एक गोष्ट दिसते आणि तिचं मला फार वाईट वाटतं: बंद पडलेले सोलर वॉटर हीटर. बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने बसवलेले, पहिली तीन-चार वर्षं चाललेले, मग बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचून बसलेले. कुठे एखादी काचनळी फुटली आणि सगळी रांगच बंद केली. कुठे पाइपवरचं उष्णतारोधक आवरण उन्हात कुजून गळून पडलं, त्यामुळे खालच्या मजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जातं, मग लोक कंटाळून गिझर लावतात.

या गिझरचा हिशेब करू. 20 लिटरची बादली 25 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला 0.4 युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या रोज, वर्षाचे तीनशे दिवस: 480 युनिट. म्हणजे जवळपास 340 किलो कार्बन, आठ सिलिंडरांइतका. स्वयंपाकघरातल्या वर्षभराच्या गॅसएवढा कार्बन नुसत्या आंघोळीचा, आणि तोही डोक्यावर फुकट तापवणारी यंत्रणा गंजत असताना. ती यंत्रणा दुरुस्त करणं, क्षार काढून घेणं, पाइपला नवं आवरण घालणं आणि वर्षातून एकदा सफाईचा करार करणं हे माझ्या अनुभवात सोसायटीला करता येण्यासारखं सगळ्यांत फायद्याचं काम आहे. नव्या पॅनलचं उद्घाटन करता येतं, जुन्या हीटरच्या दुरुस्तीचं नाही, म्हणून ते मागे पडतं. पुण्यात तर सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत आहे, आणि ती यंत्रणा चालू असण्याच्या अटीवर आहे. बंद हीटर दाखवून सवलत घेत राहणं सभासदांच्या हिताचं नाही.

तिसरी जागा पंपघर. साठ घरांची आठ मजली इमारत, घरटी रोज 600 लिटर पाणी, म्हणजे 36,000 लिटर. ते तीस मीटर उंच चढवायला निसर्गनियमाने रोज तीन युनिट पुरतात. चांगला, योग्य मापाचा पंप पाच-साडेपाच युनिटांत हे काम करतो. मोटर दोन-तीनदा री-वाइंड केलेला, फूटव्हॉल्व्ह गळणारा, गरजेपेक्षा मोठा घेतलेला पंप बारा घेतो. हा फरक वर्षाला दोन हजार युनिटांच्या वर जातो, म्हणजे दीड टन कार्बन. तुमचा पंप यांतला कुठला आहे हे कळायला पंपाच्या पॅनलवर एक छोटं सब-मीटर लावा आणि महिनाभर वॉचमनला रोज सकाळी आकडा वहीत लिहायला सांगा. एवढं पुरतं. पंप बदलायचाच ठरला तर दुरुस्ती-देखभाल निधी त्यासाठीच असतो. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वार्षिक 0.75 टक्के रक्कम त्यात जमा व्हायला हवी. ती होते का, हेही त्या निमित्ताने तपासलं जाईल.

पंपाआधी नळ. वरच्या टाकीतून फ्लशमध्ये गळणारा प्रत्येक लिटर वीज खर्चून वर चढवलेला असतो. आणि ज्या सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर जगतात, त्यांच्या पाण्याच्या हिशेबात टँकरचं डिझेलही आलं. ते कुठल्याच वीजबिलात दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. टँकरची पावती बघितली की किती लांबून पाणी येतं ते कळतं. ती नोंदही वहीत हवी.

जिन्यातले दिवे, पार्किंगमधले दिवे एव्हाना बहुतेकांनी एलईडी केले आहेत. त्यावर शब्द खर्च करत नाही.

सोलर पॅनलबद्दल मला रोज विचारलं जातं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्या हवामानात महिन्याला 110-120 युनिट मिळतात. पॅनल जरूर लावा. पण आधी पंप, हीटर आणि गच्ची, मग पॅनल. बारा युनिट पिणाऱ्या पंपासाठी मापलेली सौर यंत्रणा दुप्पट मोठी आणि दुप्पट महाग होते. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग पॅनलच्या आधी व्हावं, नाहीतर दोन वर्षांनी सगळे स्टँड काढायची वेळ येते. आणखी एक गोष्ट सभेत आधीच लिहून ठेवा: गच्चीतून मिळणाऱ्या विजेचं आणि पुढे कधी मिळालं तर कार्बनचं श्रेय सर्व सदनिकांना समान. गच्ची कुणा एकाची नाही, त्यामुळे वरच्या मजल्याने किंवा पहिले पैसे भरणाऱ्याने त्यावर हक्क सांगू नये. हे आज ठरवलं तर दोन मिनिटं लागतील, पैसा दिसू लागल्यावर कोर्टात जाईल.

घराच्या आतल्या गोष्टी सभासदांच्या आहेत, कमिटीच्या नाहीत, असं तुम्ही म्हणाल. निर्णय त्यांचाच. पण कमिटी वाट सोपी करू शकते, आणि त्याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. 2014 मध्ये सरकारी खरेदीत तीनशे रुपयांच्या वर असलेला एलईडी दिवा उजाला योजनेच्या घाऊक मागणीमुळे दोनेक वर्षांत चाळीसच्या खाली आला. तेच छोट्या प्रमाणात तुम्ही पंख्यांचं करू शकता. जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. घरात तीन पंखे, रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस: चारशे युनिट वाचतात, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या वर कार्बन. पैसे साधारण दोन-तीन वर्षांत फिटतात. दीडशे-दोनशे पंख्यांची एकत्र मागणी नोंदवली, बसवणारा एकच ठरवला आणि जुने पंखे भंगारात एकत्र दिले, तर ज्येष्ठ सभासदांचीही धावपळ वाचते. 1 जानेवारी 2023 पासून पंख्यांवर तारांकित लेबल सक्तीचं आहे; पाच तारे पाहूनच घ्या.

फ्रिजबद्दल एकच सांगते. नवा फ्रिज आला की जुना बाल्कनीत जातो आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू राहतो. ऊन लागणाऱ्या बाल्कनीत, सैल झालेल्या रबराचा तो फ्रिज नव्याने वाचवलेलं सगळं खातो. तो मोडीत निघू द्या. सोसायटीत वर्षातून एकदा ई-कचरा गोळा करण्याचा दिवस ठेवलात तर बरेच जुने फ्रिज त्या दिवशी बाहेर पडतील.

एसीवर मात्र थांबायला हवं, कारण पुढच्या दहा वर्षांत आपल्या इमारतींचा आकडा तोच ठरवणार आहे. दीड टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट घेतो. रात्रीचे आठ तास, उन्हाळ्याच्या नव्वद रात्री: सुमारे साडेपाचशे ते सातशे युनिट. एका खोलीचा एक उन्हाळा म्हणजे चारशे ते पाचशे किलो कार्बन, चौघांच्या वर्षभराच्या स्वयंपाकाहून जास्त. 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू होतात. ते 18 वर नेण्याची सवय लागली नाही तर बराच फरक पडतो. प्रत्येक अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

पण इथेही इमारत आडवी येते. इमारतीचं दर्शनी रूप बिघडू नये म्हणून कमिट्या एसीची बाहेरची युनिट डक्टमध्ये लावायला लावतात. एका अरुंद डक्टमध्ये आठ मजल्यांची आठ युनिट एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडतात. वरचं युनिट खालच्या सगळ्यांची हवा ओढतं. मशीन पाच ताऱ्यांचं घेतलं तरी ते तिथे तीन ताऱ्यांचंही काम करत नाही. त्याच कमिट्या खिडकीवर बाहेरून छज्जा, ताडपत्री किंवा बांबूचा पडदा लावायला मनाई करतात. खरं तर ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच खोली गार राहते. आत लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. पश्चिमेच्या खिडक्यांना एकाच रंगाचा, एकाच मापाचा बाहेरचा पडदा मंजूर करून टाका. इमारतीचं रूपही राहील आणि कित्येक घरांत एसी घ्यायची वेळ दोन वर्षं पुढे जाईल.

आता मला ज्याची सर्वांत काळजी वाटते त्याबद्दल. सूचना फलकावर थकबाकीदारांची यादी लावण्याची आपल्याला सवय आहे. फ्लॅटनिहाय युनिट किंवा कार्बनची यादी कृपा करून कधीही लावू नका, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. तीनशे युनिट वापरणाऱ्या घरात कदाचित आठ माणसं असतील. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल. मुलगी घरून काम करत असेल, आजी दिवसभर पंख्याखाली असेल. आणि शंभर युनिटांचं घर कदाचित वर्षातले सहा महिने परदेशात असेल. मीटर माणसं मोजत नाही. आजच्या वीजदरातही हा अन्याय आहे: 100 आणि 300 युनिटांचे टप्पे मीटरमागे आहेत, त्यामुळे एकत्र कुटुंब वरच्या दरात ढकललं जातं. कार्बनचा हिशेबही मीटरमागेच झाला तर हेच पुन्हा होईल. म्हणून तुलना करायचीच तर प्रत्येक घराने स्वतःच्या गेल्या वर्षाशी करावी. कमिटीने फक्त सामाईक मीटरचा आणि संपूर्ण इमारतीच्या बेरजेचा आकडा जाहीर करावा.

नव्या मीटरमधून थोड्या थोड्या वेळाने नोंद मिळते. त्या नोंदीवरून घरी कोण किती वाजता उठतं, घर कधी रिकामं असतं, हे कुणालाही वाचता येतं. कार्बन मोजून देतो म्हणणारी एखादी ॲप कंपनी तुमच्याकडे येईल आणि सगळ्या सभासदांचे ग्राहक क्रमांक मागेल. ते देण्याचा अधिकार कमिटीला नाही. प्रत्येकाची स्वतंत्र, लेखी संमती हवी. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा त्यासाठीच आहे.

भाडेकरूंनाही विसरू नका. पंखे आणि गिझर मालकाचे, बिल भाडेकरूचं; मालकाला बदलण्यात रस नाही आणि भाडेकरूला हक्क नाही. एकत्र खरेदीची नोटीस दोघांनाही पाठवा, आणि भाडेकरार नोंदवताना घरातली उपकरणं किती ताऱ्यांची आहेत हे त्यात लिहायचा आग्रह धरा. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं घर बहुतेक वेळा पत्र्याखाली असतं. कार्बनच्या कुठल्याही यादीत त्यांचा आकडा आपल्यापेक्षा लहानच येईल आणि उन्हाळा मात्र आपल्यापेक्षा मोठा. सोसायटीच्या गच्चीला पांढरा लेप देताना उरलेले डबे आणि तोच रंगारी त्यांच्या वस्तीत एक दिवस गेला, तर त्यातून होणारं भलं कुठल्याही गुणांत मोजता येणार नाही.

ज्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे त्यांना वरचं सगळं निरर्थक वाटेल. पण सर्वांत जास्त तुमच्याच हातात आहे. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालची पुनर्विकासाची प्रक्रिया चालू असताना सभासदांचं सगळं लक्ष किती चौरस फूट जादा मिळतात आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम) किती यावर असतं. मला ते समजतं. घर म्हणजे आयुष्याची पुंजी आहे. पण बिल्डरशी होणाऱ्या करारात भिंतीची जाडी, खिडकीचं माप आणि छज्जा हेही लिहून घेता येतं, आणि ते एकदा बांधलं की पन्नास वर्षं बदलत नाही. निवासी इमारतींसाठी केंद्राची 'इको निवास संहिता' 2018 पासून आहे. बाहेरच्या भिंती आणि काचांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आखून दिली आहे: प्रत्येक चौरस मीटरला सरासरी 15 वॉट. तुमच्या प्रकल्प सल्लागाराला विचारा की नवा आराखडा त्या मर्यादेत बसतो का, आणि बसत नसेल तर बसवून घ्या. जुन्या पुण्यातल्या, गिरगाव-दादरमधल्या इमारतींना खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या आणि दारावर झडपा होत्या. मे महिन्यात दुपारी तिथे पंख्यावर भागायचं. त्या पाडून आपण पश्चिमेला सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या लावतो, छज्जा चटईक्षेत्रात बसत नाही म्हणून काढून टाकतो, आणि प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट असल्याचं माहितीपत्रकात छापतो. अशा घरात राहायला गेलेल्या कुटुंबाला उद्या कार्बनचा आकडा दाखवून सवयी बदलायला सांगणं न्याय्य होणार नाही.

काही गोष्टी तुमच्या एकेकट्या संस्थेच्या आवाक्याबाहेर आहेत. त्या गृहनिर्माण संस्थांच्या जिल्हा फेडरेशनमार्फत मागा. महावितरण, बेस्ट, अदानी, टाटा या सर्वांनी सामाईक मीटरची तीन वर्षांची मासिक नोंद संस्थेला एका फाइलमध्ये द्यावी. महाऊर्जाने (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने) गृहनिर्माण संस्थांसाठी परवडणाऱ्या दरात ऊर्जा-लेखापरीक्षकांची यादी उपलब्ध करून द्यावी. पुण्यातली करसवलत इतर महापालिकांनी सुरू करावी, आणि तिच्यात थंड गच्चीचा समावेश व्हावा. राज्यात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांतल्या काही हजारांनी एकच पत्र पाठवलं तरी त्याची दखल घ्यावी लागेल.

सभेची नोटीस काढताना शोधाशोध नको म्हणून ठरावाचा मसुदा इथेच देते. आपापल्या संस्थेप्रमाणे बदल करून घ्यावा.

"असे ठरले की, संस्थेच्या सामाईक मीटरच्या मागील बारा महिन्यांच्या वीजवापराची आणि टँकरच्या पाण्याची नोंद पुढील तीन महिन्यांत सभासदांसमोर ठेवावी, पंपावर स्वतंत्र मीटर बसवावे, बंद असलेले सौर जलतापक दुरुस्त करण्यासाठी तीन कोटेशने मागवावीत, गच्चीच्या पुढील जलरोधक कामात वरचा थर पांढरा असावा, इच्छुक सभासदांसाठी पंख्यांची एकत्र खरेदी करावी, आणि कोणत्याही सदनिकेचा वैयक्तिक वीजवापर तिच्या रहिवाशाच्या लेखी संमतीशिवाय मागू अथवा प्रसिद्ध करू नये. या कामासाठी कार्यकारिणीतील एक आणि कार्यकारिणीबाहेरील दोन सभासदांची, ज्यांत किमान एक महिला व एक भाडेकरू रहिवासी निमंत्रित असेल, उपसमिती नेमण्यात येत आहे."

सूचक म्हणून आमच्या सोसायटीत माझं नाव मी दिलं आहे. तुमच्याकडे सूचक आणि अनुमोदक शोधायला वरच्या मजल्यापासून सुरुवात करा.

कळावे,
आपली,
पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद